अकरा खुंट्यांची गाडी घेऊन भिसेगाव ते खालापूर

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. आमच्या भातगिरणीच्या शेठनी त्यातली एक आणली. जखमींना न्यायची गाडी ती. आत दोन पलंग, पाण्याची टाकी, भांड्यांचं कपाट, खिडक्यांना पडदेसुद्धा. चाकांवरचं घरच म्हणा ना! मी गिरणीची लॉरी चालवतो, म्हणून शेठ म्हणाले, "दोन दिवस घे, फिरवून बघ." मला लगेच सासूबाई आठवल्या.

सासूबाई आमच्याकडेच असतात, भिसेगावात. कंबर मोडल्यापासून चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची धाकटी बहीण काशीमावशी खालापूरला, आणि तिची नजर झपाट्यानं चाललेली. भर उजेडात, अगदी जवळून, तेवढंच दिसायचं. "दिसतंय तोवर अक्काचं तोंड दाखवा," असा निरोप तीनदा आला होता. पण बैलगाडीचे धक्के सासूबाईंना सोसत नसत. या गाडीत मात्र त्या झोपून जाऊ शकत होत्या.

सकाळी आठला निघायचं ठरलं. आमच्या लॉरीला एक किल्ली आणि एक भोंगा. इथे चाकासमोरच्या फळीवर अकरा खुंट्या आणि पाच काचेची घड्याळं! पहिली खुंटी ओढली तर कोरड्या काचेवर पुसणी फिरायला लागली. दुसरी दाबली तर मागे घंटा घणाणली आणि सासूबाई ओरडल्या, "अगं बाई, कोण आलं?" शेवटी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाताच्या खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. "पुसणी." "घंटा." आणि बाकी सगळ्यांवर "हात लावू नये."

नव्या गाडीची पूजा नको का? सुमननं नारळ फोडला आणि पाचही घड्याळांवर तेलात कालवलेल्या कुंकवाची ठसठशीत स्वस्तिकं काढली. मी म्हटलं, "अगं, काटे दिसत नाहीत!" ती म्हणाली, "तुम्हाला दिसत होते तेव्हा तरी काय कळत होतं?"

निघणाऱ्यांसाठी सांगतो. पेट्रोल कुपनावर मिळतं, तेव्हा कर्जतलाच भरून घ्या. रस्ता पळसदरीपर्यंत बरा आहे, पुढे नुसती खडी. पळसदरीच्या आधीच गाडी काळा धूर ओकत बंद पडली. तासभर मी तिच्याखाली लोळलो. मग कळलं, सुमननं दशम्यांची पिशवी अडकवायला जी खुंटी धरली होती, ती चोकची होती, म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल सोडणारी. पिशवी काढली, गाडी सुरू. दशम्या तिथेच खाल्ल्या, लसणाच्या चटणीबरोबर. झकास होत्या.

खोपोलीला पक्की सडक लागली आणि मी जरा तोऱ्यात आलो. तो तोरा कुंभिवलीपर्यंत टिकला. तिथे पुढून भस्सकन वाफ निघाली. शेतातला एक म्हातारा धावत आला.

"आवो, तापलीय ती! आत घड्याळ असतं ना, काय सांगतंय?"

"दिसत नाही. कुंकू आहे."

"मंग पुसा की! त्याबिगर कसं कळणार, निवली का नाय?"

सुमननं माझा हात धरला. "पूजेचं कुंकू पुसायचं? वाटेत? मी नाही पुसू देणार!" मलाही धीर होईना, खोटं कशाला बोलू? दुपार कलली होती. उजेड गेला की मावशीला काही दिसणार नव्हतं, आणि गाडी सकाळी शेठना परत द्यायची होती.

मागच्या छोट्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "माझं पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ही तर मेली काच आहे. पुसा!"

सुमननं मान खाली घातली. मग तिनंच आपल्या पदरानं पाचही काचा लख्ख पुसल्या. म्हाताऱ्यानं विहिरीवरून दोन घागरी पाणी आणून दिलं. काटा खाली येईपर्यंत आम्ही तिघं त्याच्याकडे टक लावून बसलो होतो.

खालापूरला पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मावशीला धरून गाडीत चढवलं, पलंगाशी बसवलं, पडदे बाजूला सारले. तिनं सासूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाकाला नाक लागेल इतकी वाकली आणि म्हणाली, "अगं अक्का, किती म्हातारी झालीस गं!" दोघी हसत सुटल्या. मी खाली उतरून चाकं तपासत बसलो, कारण मला रडू येत होतं.

गाडी शेठना वेळेत परत दिली. अकरापैकी सहा खुंट्या कशाच्या, ते मला आजही ठाऊक नाही. दोन महिन्यांनी खालापूरहून पत्र आलं. मावशीची नजर पुरती गेली होती. खाली तिचा निरोप होता: "अक्काला सांगा, काळजी करू नको, तुला बघून ठेवलंय."

सासूबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं. आता जाताना चांगलं लुगडं नेसायला नको. शेठना विचारा, गाडी कधी देतात."