हौसाक्काची चढणीची भजी

१६ जुलै २००६, रविवार. आठवड्याची इस्त्री संपवली, तेव्हा कंबर मोडून आली होती. तरी नदीकडे, हौसाक्काच्या भज्यांच्या गाड्यावर गेले. श्रावण जवळ आला होता आणि श्रावण लागला की हौसाक्का माशाची कढई उतरवायची, ती थेट पुढच्या आषाढात चढवायची.

पंचगंगेचं पाणी वाढलं की अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढणारे बोटाएवढे मासे तिच्या गाड्यावर यायचे. राखेत चोळून चिकटा काढायचा, पोटात लसणाची चटणी भरायची आणि तांदळाच्या पिठात बुडवून डोक्यासकट तळायचे. काटा चावून खायचा. नवऱ्याबरोबर नव्वद-एक्क्याण्णवला पहिल्यांदा गेले, तेव्हा मी काटे काढत बसले होते. "बाई, मासा खाताय का गहू निवडताय?" तिनं विचारलं. दुसरी प्लेट मागितली तर म्हणाली, "घरात सैपाक न्हाय व्हय? ही तोंडाला हाय, पोट भरायला न्हाय."

त्या रविवारी पहिल्याच घासाला भजं मऊ लागलं, काटा लागलाच नाही.

"अक्का, हा तळ्यातला मासा. कापून घातलाय."

तिनं झारा खाली ठेवला. "सकाळपास्नं वाट बघतोय, कोन तरी म्हनंल म्हनून. तुमी पैल्या."

"नदीचा का नाही?"

"चढतोय कुठं? कारखान्याचं काळं पानी तेवढं चढतंय."

मागं पीठ कालवणारी तिची सून म्हणाली, "लोकं खात्यात की गुमान. आत्ती, तुमालाच कशाला उठाठेव?"

"माझ्या नावावर खात्यात, म्हनून." मग अक्का माझ्याकडे वळली. "खरं सांगा. ह्येच्यासाठी परत याल?"

खोटं बोलण्याइतकंही त्राण नव्हतं. "नाही," म्हटलं.

तिनं मान हलवली आणि झारा सुनेच्या हातात दिला. "तळ बाई. मी दमलो."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याच वाटेनं गेले. सून तळत होती. अक्का कढईकडे पाठ करून लसूण सोलत बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, "तळ्यातला हाय, पावणं. नदीचा न्हाय."

"असू दे की अक्का," एक जण म्हणाला आणि त्यानं दोन प्लेटी मागितल्या.

तिनं पुढची पाकळी सोलायला घेतली. माझी बस यायची वेळ झाली होती, मी निघाले.