बाकाखालची खूण

माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी. मी तिला ताई म्हणते, ते तिला ऐकू येत नाही, ओठांवर दिसतं. सदाशिव पेठेत आम्ही दोघीच राहतो. दोघीही निवृत्त, दोघींचेही गुडघे कुरकुरणारे. मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात जन्म काढला, त्यामुळे घरात किंवा ताईच्या मैत्रिणींकडे कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं, की ते मीच बिघडवलंय असं धरून चालतात.

ताईच्या शाळेच्या वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी रविवारी दुपारी आमच्याकडे यायच्या. एक खडकीची. तिचा नवरा दारूगोळा कारखान्यात होता, तो केव्हाच गेला, मुलगा परदेशात. दुसरी मार्केट यार्डातल्या अडत्याच्या घरची. मी त्यांना खडकीवाली आणि यार्डवाली म्हणते. त्या मला जे म्हणतात ते हातांनी म्हणतात, आणि ते फारसं आदराचं नाही.

त्यांच्या शाळेत वर्गात हात हलवायला बंदी होती. मुलींनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावं, अशी शिस्त. मग मुलींनी आपली भाषा बाकाखाली नेली. म्हणून त्यांच्या खुणा लहान, मांडीपाशी होणाऱ्या. 'बाई येताहेत' म्हणजे मांडीवर अंगठा घासायचा. 'आज आमटीत नुसतं पाणी' म्हणजे पालथा तळहात झटकायचा. हल्लीची मुलं छातीसमोर मोकळ्या हातांनी बोलतात, त्यांना यातलं काही कळत नाही. खडकीवाली तिघींत मोठी. तिच्या आधीच्या मुलींकडून आलेल्या कितीतरी खुणा फक्त तिलाच येत होत्या.

तिघींनी ठरवलं, या खुणा कुठेतरी ठेवायच्या. मी म्हटलं, विकी करू. म्हणजे आपली एक वेबसाइट, तिच्यात आपणच पानं करायची, आपणच दुरुस्त करायची. एका खुणेला एक पान. वर अर्थ, खाली व्हिडिओ. जागा एका संस्थेने फुकट दिली.

अडचण खडकीवालीची होती. मोबाइल स्टँडवर लावला की तिचे हात तासभर थांबायचे नाहीत. मध्येच थांबवून 'आता एवढंच पुन्हा कर' म्हटलं की तोंड फिरवून बसायची. मग मी विकीला एक एक्स्टेन्शन जोडलं, म्हणजे कुणा तिसऱ्याच माणसाने लिहिलेली एक पुरवणी. ते कापाकापी न करता अख्ख्या व्हिडिओतला नेमका तुकडा पानावर दाखवायचं, सावकाश, पुन्हा पुन्हा. तुकडा कुठे सुरू, कुठे संपतो, ही खबर ते स्वतःपाशी ठेवायचं. पानावर नुसती कंसातली एक ओळ आणि एक क्रमांक. मला ते इतकं आवडलं की काय सांगू.

मी ताईला म्हटलं होतं, "हात कसा फिरतो ते खाली दोन ओळींत लिहूया का?" ती भडकली. "लिहून दाखव, बोलून दाखव, हेच ऐकत शाळा काढली. इथे तरी हात पुरू देत." ऐकत हा शब्द तिचाच. त्या ओळी लिहायच्या राहिल्या. तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

एके दिवशी त्या संस्थेचा मेल आला. विकीचं मूळ सॉफ्टवेअर अपग्रेड होणार, जी एक्स्टेन्शनं कुणी सांभाळत नाही ती काढून टाकणार. आमचं एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला मी पत्र पाठवलं. उत्तर नाही. त्याने स्वतःला बांधून घेतलं नव्हतं, हौसेने लिहिलं, हौस सरली. त्याच्यावर रागावून काय करू? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं, तर ओंजळ हलली म्हणून ओरडता येत नाही. संस्थेला विचारलं, "आमची पानं राहतील ना?" त्यांनी कळवलं, आपली सर्व पानं सुरक्षित राहतील. मी पानांची प्रत उतरवून घेतली, व्हिडिओ तर घरी होतेच. निर्धास्त झाले.

त्याच सुमारास खडकीवाली आजारी पडली. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आधी ताईचा गुडघा सुजला, मग मला ताप आला, मग रिक्षावाले तिकडे यायला तयार होईनात. आज नको, उद्या जाऊ, असं करत करत आम्ही उशिराच गेलो. ती फार बारीक झाली होती. तोंडावर मास्क, एका हाताला सलाइन. ताईला पाहून तिने मोकळा हात चादरीखाली नेला, बाकाखाली न्यायची तसा, आणि सलाइनच्या हाताने चादरीची कड वर धरून एक खूण केली. मूठ पोटाशी, मग हळूच उघडून तळहात बाहेर. दोनदा. ताईने 'हो' अशी मान हलवली.

रिक्षात ताईने मला हातांनी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"तुला नाही कळलं?"

"ओळखीची वाटली, पण आठवेना. तिला कसं विचारू, ती दमली होती. म्हणून मान हलवली."

"घरी जाऊन विकीवर बघू," मी म्हटलं.

घरी येऊन पान उघडलं. वर अर्थ, खाली नुसती कंसातली ओळ, व्हिडिओ नाही. दुसरं पान उघडलं, तेच. सगळीकडे तेच. अपग्रेड झालं होतं. त्यांनी शब्द पाळला होता, पानं सुरक्षित होती, आणि पानांवर अर्थाखेरीज आम्ही काही लिहिलेलंच नव्हतं. कोणता तुकडा कोणत्या अर्थाचा, हे सगळं त्या एक्स्टेन्शनपाशी होतं, आणि ते त्यांनी नियमाप्रमाणे पुसलं होतं. मी उतरवलेल्या प्रतीतही तेच कंस. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. ताईने माझ्याकडे पाहिलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आम्ही परत जाणार होतो. त्याच आठवड्यात खडकीवाली गेली.

दिवस झाल्यावर ताई आणि यार्डवाली व्हिडिओ घेऊन बसल्या. सगळे, पहिल्यापासून. एकीने खूण ओळखायची, दुसरीने पानांतून अर्थ शोधायचा, मी तुकडा कापून त्याची वेगळी फाइल करायची. या वेळी ताईच म्हणाली, "खाली लिही. हात कसा, तळहात कुठे, सगळं लिही." पडद्यावर खडकीवाली हसायची, पदर खोचायची, माझी नक्कल करायची. यार्डवाली मध्येच उठून स्वयंपाकघरात जायची आणि डोळे पुसून यायची. मी कापत राहायचे. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नाही, आणि इतकं चांगलंही.

बहुतेक खुणांना त्यांचे अर्थ सापडले. शेवटी दोन खुणा उरल्या, दोन अर्थ उरले. एका व्हिडिओत खडकीवाली त्या एकामागून एक करते. मूठ पोटाशी, उघडून तळहात बाहेर. मग तसंच, पण तळहात आत. पहिली हॉस्पिटलमधली. ताईने ती पाहिली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

उरलेले अर्थ होते, 'आता मला बरं वाटतंय' आणि 'मला भेटायला कुणी आलं नाही'.

वसतिगृहात रविवारी ज्या मुलीच्या घरचं कुणी यायचं नाही, तिने या दुसऱ्या अर्थाची खूण बाकाखाली करायची आणि शेजारणीने आपल्या घरून आलेल्या डब्यातलं काढून द्यायचं. एवढं दोघींना आठवत होतं. तळहात बाहेर की आत, तेवढं नव्हतं.

यार्डवाली लगेच म्हणाली, "हीच 'बरं वाटतंय'ची. तळहात बाहेर, म्हणजे दुखणं गेलं. मला पक्कं ठाऊक आहे."

ताईने सावकाश हातांनी विचारलं, "तुला आठवतंय, की तसं असावं असं वाटतंय?"

यार्डवालीचे हात मांडीवर पडले.

मलाही म्हणावंसं वाटलं, अगं, बरं वाटतंय हेच म्हणाली ती, तुला बघून म्हणाली. ओठांवर आलं होतं. ताई माझे ओठ वाचते, म्हणून तोंड मिटून घेतलं.

आता विकी दुसरीकडे नेलं आहे, साधंच. एक्स्टेन्शन एकही नाही. अपग्रेडच्या सूचना येतात, मी वाचते, भीती वाटत नाही. प्रत्येक पानावर अर्थ आहे, साधी व्हिडिओ फाइल आहे, आणि खाली दोन ओळी मराठीत. त्या एका पानाच्याही दोन ओळी मीच लिहिल्या. मूठ पोटाशी, मग उघडून तळहात बाहेर, दोनदा. अर्थाची जागा रिकामी ठेवून मी ताईला म्हटलं, "दोन्ही अर्थ लिहूया का?"

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. एका बोटाने, अक्षरं शोधत, लिहिलं, "विचारायचं राहिलं."