कोंबडीचा प्रवेश

सातपूरच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर तयार मालाची तपासणी केली. हातात पोलादी गेज असे. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. त्यावरून माल पास किंवा नापास ठरे. तिसरी वर्गवारी नव्हती आणि मला तिची गरज कधी भासली नाही. माणसांबाबतही माझे मत साधारण असेच होते व आजही ते फारसे बदललेले नाही. एका कोंबडीचा अपवाद मात्र मला करावा लागला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी पाच वर्षांची झाली होती. घरात ती पुरेसे बोलत असे, किंबहुना पुरेशापेक्षा अधिक. घराबाहेर मात्र एक शब्द काढत नसे. दारात पोस्टमन उभा राहिला तरी तोंड मिटे. डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली आणि दोन्ही उत्तम असल्याचे सांगितले. बालवाडीच्या बाईंनी वर्षभर वाट पाहून तिला मुकी ठरवले व मुक्या मुलांच्या शाळेचा पत्ता कागदावर लिहून दिला. माझ्या पत्नीने तो कागद घरी आणला आणि पाण्याच्या बंबात घातला. ही मुलगी शाळेत बोलेल की नाही, एवढाच प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात होता.

बाहेर बोलण्याची तिची एक सोय होती, ती म्हणजे कोंबडी. माझ्या आईने ती हरसूलच्या बाजारातून आणली होती. रंगाने तांबूस, स्वभावाने माझ्यासारखी. मुलगी तिला काखेत धरून वाण्याकडे जाई आणि कोंबडीच्या वतीने बारीक आवाजात व्यवहार करी. वाण्याने या पद्धतीला कधी हरकत घेतली नाही.

"काय म्हणतेय आज कोंबडी?" तो विचारी.

"कोंबडी म्हणते, पावशेर साखर. आणि कोंबडी म्हणते, कालची ओली होती."

गंगापूर रोडवर तेव्हा एक नामांकित शाळा होती. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तिची मुले दरवर्षी असत. माझ्या खात्यातील एका सहकाऱ्याची मुलगी तेथे शिकत होती व तो हे रोज सांगत असे. मी मुलीचे नाव तेथे घातले. प्रवेश परीक्षा झाली. तिने मणी मोजले, आकार काढले, अक्षरे लिहिली. चूक एकही नाही. तोंडी परीक्षेत ती भिंतीकडे पाहत बसली. मी नापासाची तयारी ठेवली होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "हुशार आहे. शिस्तीची आहे. आवाज अजिबात नाही. आम्हाला अशीच मुले हवीत."

मी घरी येऊन हे सांगितले. आई खूश झाली. पत्नी भाजी चिरत होती. "अहो," ती म्हणाली, "तिथे ती दहावीपर्यंत गप्प बसेल आणि पहिली येईल." आणि पुन्हा चिरू लागली.

मग तिने सांगितले की तिनेही मुलीचे नाव एका शाळेत घातले आहे. चर्चच्या मागे सिस्टर चालवीत असलेली लहान ख्रिस्ती शाळा. निकाल साधारण. तेथे प्रवेश परीक्षा नव्हती. प्रत्येक मुलाच्या घरी मुख्य सिस्टर स्वतः येत, चहा घेत, बसत. घर पाहिल्याशिवाय मूल कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेतही वर्गशिक्षिका चार वर्षे तीच राहत असे, मुलांची ओळख मोडू नये म्हणून. तपासणीची ही पद्धत मला ढिसाळ वाटली. परंतु सिस्टर रविवारी येणार हे ठरून गेले होते.

आईने सूत्रे हाती घेतली. "परकी बाई घरी यून पोरीला बघनार. त्यात काय काय करायचं ते मला शिकवू नका," ती म्हणाली. मुलगी पाहायला येणाऱ्यांचे स्वागत कसे करावे हे तिला ठाऊक होते, आणि परक्यांनी मुलगी पारखण्याचा दुसरा रिवाज आमच्या वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा तोच झाला. हाताच्या खुर्च्या शेजारून आल्या. कांदेपोहे झाले. पाच वर्षांच्या मुलीला परकर-पोलके नेसवून, केसात अबोली माळून, ट्रे कसा धरायचा याची तालीम देण्यात आली. शेजारीण मध्यस्थ म्हणून येऊन बसली. तिला कोणी बोलावले नव्हते. कोंबडीला न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली.

सिस्टर सिटी बसने आल्या. मूळच्या वसईकडच्या, ठेंगण्या, हातात छत्री. कोनाड्यातील बुद्धमूर्तीला त्यांनी हात जोडले आणि बसल्या. मुलीने ट्रे आणला, ठेवला व माझ्या खुर्चीमागे गेली. सिस्टरनी पोहे खाल्ले आणि आणखी मागितले. आई गोंधळली. पाहायला आलेले लोक दुसऱ्यांदा मागत नाहीत. तिने सावरून चौकशी सुरू केली.

"तुमच्याकडं मानसं किती?"

"आम्ही सहा सिस्टर. एक स्वयंपाकीण, एक माळी."

"सासू कोन त्यात?"

"मीच."

"मंग भांडनं?"

"रोज होतात, आजी. रात्रीच्या प्रार्थनेआधी मिटवतो."

आईने शेजारणीकडे पाहिले. शेजारणीने मान हलवली. मग आई खुर्चीत पुढे सरकली. "आन एक बोलते, राग धरू नका. आमी धर्म एकदा बदललाय. लय इचार करून बदललाय. आता परत नाय बदलनार."

"नका बदलू," सिस्टर म्हणाल्या. "मला तुमची नात हवी आहे. आणि जमलं तर ही पोह्यांची कृती."

त्यानंतर त्यांनी मुलीला नाव विचारले. उत्तर नाही. आवडता रंग विचारला. उत्तर नाही. "तिचा घसा—" असे मी सुरू केले, तोच न्हाणीघरातून मोठा कलकलाट झाला व बादली पडली.

"आत कोण आहे?" सिस्टरनी विचारले.

"पाव्हणे," शेजारीण म्हणाली.

"न्हाणीघरात?"

पत्नी उठली आणि तिने कडी काढली. कोंबडी बाहेर आली, खोलीची पाहणी केली व सर्वांत चांगल्या खुर्चीच्या हातावर चढून बसली. ती खुर्ची सिस्टरांची होती. आईने पदर तोंडाला लावला; स्थळ हातचे गेले असे तिला वाटले असावे. सिस्टरनी तळहातावर थोडे पोहे घेतले, कोंबडीपुढे धरले आणि तिलाच विचारले, "तुझं नाव काय गं?"

माझ्या खुर्चीमागून बारीक आवाज आला. "कोंबडी म्हणते, तिला नाव नाही."

"आणि तुझ्या मैत्रिणीला?"

"कोंबडी म्हणते, आहे. पण एवढ्यात सांगणार नाही."

"बरोबर आहे. शाळेत यायचं का?"

मुलीने खुर्चीमागून अर्धे डोके बाहेर काढले. "कोंबडी म्हणते, तुमच्या शाळेत कोंबडीला घेतात का?"

सिस्टरनी त्यावर विचार केला. त्या हसल्या नाहीत, हे मी नमूद करतो. "घेतो," त्या म्हणाल्या. "पण डबा आपला आपण आणायचा."

निघताना आईने दारात त्यांना गाठले. "पसंत हाय म्हनायची का?"

"आमच्याकडून पसंत आहे. तुम्ही विचार करून कळवा."

मी विचार केला. कोंबडीला वर्गात बसवणारी संस्था गंभीर असू शकत नाही, या निष्कर्षाला आलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुलीला गंगापूर रोडला नेले. गणवेशाचे माप द्यायचे होते. तेथील आवार स्वच्छ होते. मुले रांगेत चालत होती आणि चपलांखेरीज कसलाही आवाज नव्हता. मुलीने हात वर कर म्हटल्यावर हात वर केले. खाली कर म्हटल्यावर खाली केले.

त्या संध्याकाळी ती घरातही बोलली नाही. आईशी नाही, आजीशी नाही. पत्नीने कोंबडी आणून तिच्या मांडीवर ठेवली. "काय म्हणते कोंबडी?" तिने विचारले. कोंबडीही काही म्हणाली नाही.

मी त्या दिवशी जेवलो नाही. भूक नव्हती.

सकाळी मी नामांकित शाळेत जाऊन प्रवेश मागे घेतला. मुख्याध्यापकांना असे पूर्वी कोणी केल्याचे आठवेना.

"कारण?"

"कौटुंबिक."

"मग कोणत्या शाळेत घालणार?" त्यांनी विचारले. मी नाव सांगितले. "तिथून यादीत कोणी आलेलं नाही. तुम्ही तपासणी खात्यातले ना? काय पाहून निवडलीत?"

मी खोटे बोलत नाही. "तेथे कोंबडी घेतात," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "शेतकीचा विषय असतो का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तेही खरेच होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी पत्नीला ताप होता, म्हणून पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली मान. बसमध्ये नेमका तो सहकारी भेटला. "काय, आज रस्सा का?" तो मोठ्याने म्हणाला. कोंबडीने त्याच्याकडे पाहिले, मुलीने पाहिले, मीही पाहिले. तो पुढच्या थांब्यावर उतरला; त्याचा थांबा आणखी पुढे होता.

कंडक्टर पिशवीकडे वाकला. "साहेब, हिचं अर्धं का पूर्ण?"

"कोंबडी म्हणते," मुलगी पिशवीआडून म्हणाली, "ती अजून तीन वर्षांचीपण नाही."

"मग फुकट," कंडक्टर म्हणाला आणि माझ्या हातावर दोन तिकिटे ठेवली.

वर्गशिक्षिकाही एक सिस्टरच होत्या. त्यांनी कोंबडीला आपल्या टेबलाखालच्या टोपलीत जागा दिली. हजेरी झाली. मुलीच्या नावाला उत्तर आले नाही. त्यांनी हजर मांडली व पुढे गेल्या. मी बाहेर खिडकीखालच्या भिंतीशी पिशवीची घडी करीत होतो. पिशवी लहान होती, तरी घडीला वेळ लागला. कारखान्यातली माझी पाळी सुरू होऊन गेली होती.

मग आत कोंबडीने ओरडायला सुरुवात केली. बाके सरकली, मुले किंचाळली, कोणीतरी रडू लागले. आणि त्या सर्वांच्या वर, आमच्या घरातला, मला पाठ असलेला आवाज पूर्ण जोरात आला:

"सिस्टर! अंडं घातलं! माझ्या कोंबडीनं अंडं घातलं! कुणी हात लावू नका, गरम असतं!"

"कोंबडी म्हणते" हे शब्द त्यात नव्हते. मी ते लक्षपूर्वक ऐकले. नंतर पिशवीची घडी उलगडून पुन्हा घातली, कारण ती वाकडी झाली होती.

त्या दिवशी मला लेट मार्क मिळाला, नोकरीतला पहिला. साहेबांनी कारण विचारले. मी खासगी म्हणालो.

अंडे संध्याकाळी रुमालात गुंडाळून घरी आले. आईने तो तिकडून आलेला आहेर मानला आणि दुसऱ्या दिवशी डबाभर पोहे पाठवले. कोंबडी दिवाळीपर्यंत शाळेत जात होती. पुढे ती कंटाळली. मुलगी एकटी जाऊ लागली.

दहावीला मुलीला मध्यम गुण मिळाले. सहकाऱ्याने विचारले तेव्हा मी ते त्याला सांगितले. शाळेच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी तिला तीनदा थांबण्यास सांगितले होते, हेही सांगितले. आता ती दर रविवारी फोन करते. मला मध्ये शब्द टाकायला जागा मिळत नाही. फोन मी कानाला लावून बसतो.