शेवट न वाचणारा दुकानदार

आमचे हे मुळातच घाबरट. पालीला घाबरतात, दाताच्या डॉक्टरला घाबरतात, कुणी आवाज चढवला की मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जातात. लिफ्टमध्ये तर पाऊल ठेवत नाहीत. माझ्या आतेभावाकडे जेवायला गेलो तेव्हा जिने चढून वर पोचेपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकली होती. अशा माणसानं चांगली नोकरी सोडून पुस्तकांचं दुकान काढलं. जन्मात एकदाच धाडस करायचं होतं, तर ते नेमकं इथंच करायचं होतं का, असं मी तेव्हा विचारलं होतं. अजून उत्तर मिळालेलं नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला शिवणकाम करणाऱ्या ताईंचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, म्हणजे ह्यांना भिंतीपलीकडूनही भीतीच. दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की एकाला पोट आत घ्यावं लागतं. पुढच्या चौकात पुस्तकांचं भलंमोठं काचेचं दुकान आहे. तिथं कॉफी मिळते, गार हवा मिळते, सवलतही मिळते. आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे फक्त हे आहेत आणि ह्यांची एक खोड.

खोड अशी, की विकायला आणलेली गोष्टीची पुस्तकं हे आधी स्वतः वाचतात, पण शेवटचं प्रकरण मुद्दाम सोडतात. मग ते पुस्तक कुणाला आवडेल याचा विचार करत बसतात. ते माणूस दुकानात आलं की त्याच्या हातात ठेवून म्हणतात, "शेवट काय होतो ते मला येऊन सांगा." आणि लोक खरंच येतात हो. नर्सबाई ड्युटीवरून परस्पर येऊन उभ्या उभ्या शेवट सांगतात. बसचे एक ड्रायव्हर आहेत, त्यांच्या आधी दुसऱ्या कुणी सांगितला तर ते रुसतात. एकाच पुस्तकाचे दोन वाचक समोरासमोर आले तर बघायलाच नको. शेवट चांगला की वाईट यावरून जुंपते, तिसरा माणूस भांडण ऐकून तेच पुस्तक विकत घेतो. रविवारची सकाळ म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हे मधे स्टुलावर बसून लहान मुलासारखे ऐकत असतात. त्या वेळी मला ह्यांचा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी बोलले नाही, उगाच शेफारतील.

खोड मात्र मला पसंत नव्हती. मी आधी शेवटचं पान बघणारी बाई. कुणाच्या हातात काय देतोय ते देणाऱ्याला ठाऊक असावं, असं मी किती वेळा म्हटलं असेल. हे हसून म्हणायचे, "अगं, शेवट गिऱ्हाइकाचा."

रविवारी येणाऱ्यांत लिफ्टवाले आणि त्यांची बायको असायची. ते मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. पुस्तकं ती निवडायची, पिशवी लिफ्टवाले धरायचे. ती अचानक आजारी पडली आणि गेली. नंतर ते एकटेच यायला लागले. त्याच कपाटापाशी उभे राहायचे, रिकामी पिशवी घेऊन. एक दिवस ह्यांनी त्यांच्या हातात एक कादंबरी ठेवली. एक म्हातारा बेकरीवाला, बायको गेलेली, हळूहळू गल्लीतल्या लोकांना पाव करायला शिकवतो, अशी गोष्ट. हे वाचताना अंथरुणात हसत होते, मी स्वतः ऐकलंय. लिफ्टवाल्यांना धीर येईल, म्हणाले. लिफ्टवाल्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि शेवट सांगायला येतो म्हणून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कामात असतील, असं आम्ही धरून चाललो.

मग एका सकाळी शेजारच्या शिवणाच्या ताई आल्या. त्याच कादंबरीची दुसरी प्रत त्यांनी नेली होती. गळ्यात टेप तसाच, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "असलं पुस्तक कशाला दिलंत मला?" मग शेवट सांगितला. म्हातारा एके दिवशी भट्टी पुसतो, साचे धुऊन पालथे घालतो, आतून कडी लावतो आणि स्वतःचं बरंवाईट करून घेतो. ताई बोलत होत्या आणि ह्यांच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता. त्या गेल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "मी कुणाला काय दिलं गं?"

मी एरवी अशा वेळी बोलायचं सोडत नाही. त्या दिवशी मी कुलूप शोधून ह्यांच्या हातात दिलं.

दुकानाला कुलूप घातलं. आता शोधायचं कुठं? आमच्याकडे कुणाचं नाव नाही की पत्ता नाही. सगळी माणसं धंद्यावरून ओळखायची. हे रस्त्यात उभे राहून हात चोळत होते. मग एकदम चालायलाच लागले. कोपऱ्यावरच्या बँकेच्या इमारतीची लिफ्ट आपले लिफ्टवाले बघतात, हे त्यांच्या बोलण्यात आलं होतं. आणि बिघाड झाला तर कुणाला कळवायचं त्याचा नंबर लिफ्टच्या आत लावलेला असतो. मी म्हटलं, थांबा, मी जाते. तोवर हे आत शिरलेसुद्धा. दार बंद झालं, लिफ्ट वर गेली. खाली आली तेव्हा हे घामाने निथळत होते आणि नंबर पुटपुटत होते, विसरू नये म्हणून.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. वाजणाऱ्या फोनची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

बँकेच्या वॉचमनकडे चौकशी केली. तो म्हणाला, साहेब बरेच दिवस कामावर नाहीत, दुसराच कुणी येतो. जाण्याआधी आपली हत्यारांची पेटी पुसून लखलखीत करून त्या नव्या माणसाला देऊन गेले. वॉचमननं हे कौतुकानं सांगितलं. मला ती पुसलेली भट्टी आठवली. हे भिंतीला टेकले. घर कुठं ते वॉचमनला माहीत होतं, तेवढं एक नशीब.

रिक्षात आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. ह्यांनी माझा हात धरला होता. नवऱ्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं हे मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला घरी पळून जायचं होतं. कारण दार उघडलं नाही तर पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर वर्तमानपत्रांचा ढीग साचला होता. बेल दाबली. आत वाजल्याचं ऐकू आलं, बाकी काही नाही. शेजारचं दार बंद, वरून कुणाच्या तरी नळाचं पाणी पडत होतं. हे दारावर थापा मारायला लागले. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. कुणी मोठ्यानं बोललं तरी कावरेबावरे होणारा हा माणूस, सगळा जिना ऐकेल अशा आवाजात ओरडत होता, "अहो लिफ्टवाले, मी पुस्तकवाला. दार उघडा. उघडा हो दार."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आत पाय घासत चालल्याचा आवाज आला. कडी निघाली.

दाढी वाढलेली, अंगावर चुरगळलेला सदरा, पण ते होते. मी तिथंच पायरीवर बसले.  हे म्हणाले, "मला माहीत नव्हतं. मी शेवट वाचलाच नव्हता हो."

लिफ्टवाले म्हणाले, "ठाऊक आहे. ही सांगायची मला, ते शेवट वाचत नाहीत म्हणून." मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकाचा दोष नाही. माझ्या मनात ते आधीपासूनच होतं. पण त्या पुस्तकात म्हातारा गेल्यावर दार वाजवायला कुणी येतच नाही. पानंच्या पानं नुसतं बंद घर. ते वाचलं आणि मी फोन घ्यायचं सोडलं, पेपर आत घ्यायचं सोडलं. म्हटलं बघू या, आपलं कोण वाजवतंय. आज वाजलं."

आज वाजलं नसतं तर, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. अजूनही विचारलेला नाही.

आत जाऊन मी चहा टाकला. हे त्यांच्यासमोर बसून रडले, आणि त्यांनाच ह्यांची समजूत काढावी लागली. संध्याकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. अशा वेळी जे करायचं असतं ते सगळं केलं. पण त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि खाली बघत त्यांनी विचारलं, "उद्या पण वाजवाल?"

आता हे शेवट आधी वाचतात. रविवारी लोक येऊन सांगतात तेव्हा तोंडावर नवल आणतात, पण ते काही खरं नसतं. बस ड्रायव्हरला संशय आलाय. दुकान रोज उशिरा उघडतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात, कारण आधी आम्ही लिफ्टवाल्यांकडे जातो. त्यांची तब्येत आता पुष्कळ सुधारलीये, कामावर जातात, हसतातही. हे जिन्यानं वर जातात, मी खाली उभी राहते. बेल वाजते ती मला खालूनही ऐकू येते. मग कडी निघेपर्यंत मी श्वास घेत नाही.