चॉक आणि आईचा डोळा

डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा तर दोन्ही हात लागतात. उजव्या हातात बाटली धरायची आणि डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढायची. काठीनं टेबलावरचे चेंडू कडेच्या खिशांत घालायचा पूल खेळायलाही दोन्ही हात लागतात. उजव्या हातात काठी असते आणि डावा टेबलावर टेकवून त्याच्या बोटांमधून ती पुढंमागं सरकवायची असते. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध जोडायची वेळ माझ्यावर आईच्या मोतीबिंदूनं आणली.

आई आष्टीकडची. काही वर्षांपासून ती आमच्याकडं जालन्यात राहते. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन ती तशीच उभी राहिली.

"ही बादली निळी हाय?" तिनं विचारलं. "मी आजवर काळपट हिरवी समजून राह्यले."

त्यानंतर दोन-तीन दिवस तिनं घरातल्या निळ्या वस्तू शोधण्यातच घालवले. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जुन्या भिंगातून जग मातकट दिसतं, नव्यातून निळा रंग आधी उठून येतो. मला ते फार काव्यात्म वाटलं. पुढं त्याचा मला काय उपद्रव होणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

थेंब टाकायचं काम आधी बायकोकडं होतं. तिचा पहिला थेंब आईच्या कानात गेला, दुसरा गालावरून पदरात. मग मी बाटली घेतली आणि माझा पहिलाच थेंब नेमका डोळ्यात पडला.

"तुझा हात हलका हाय," आई म्हणाली. "हिचा हात भाकरीचा. डोळा बी थापती."

"मंग उद्यापासून भाकरी बी त्यांच्याच हातची खा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

माझा हात हलका कशामुळं झाला होता, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

कॉलेजात मी इतिहास शिकवायचो. नोकरीभर तासाला दांडी मारणाऱ्या पोरांना पूलच्या टेबलांवरून हुसकावून आणण्याचं काम माझ्याकडं असायचं. निवृत्त झाल्यावर जुन्या जालन्यातला एक कापडदुकानदार मित्र मला नव्या भागात टायरच्या दुकानाखालच्या तळघरात घेऊन गेला. "फक्त बघायचं, सर," म्हणाला. बघता बघता मी रोज जाऊ लागलो. ज्या पोरांना मी हाकललं होतं, त्यांच्या वयाची पोरं आता "सर, तुमचा नंबर" म्हणून काठी पुढं करायची. घरी मी सांगायचो, वाचनालयात चाललो.

ही थाप मला शोभणारी होती आणि टिकाऊही. हात मळून यायचे, त्याला पुस्तकांची धूळ हे उत्तर तयार होतं. अडचण एकच होती. वाचनालय नूतनीकरणासाठी केव्हाच बंद झालं होतं. कामाचा शुभारंभ मोठ्या थाटात झाला, मंडप पडला, शाली वाटल्या गेल्या आणि कोनशिला बसली. काम तेवढं राहिलं. कोनशिलेवर नावं मात्र इतकी आहेत की आज त्या वाचनालयात वाचण्यासारखं तेवढंच आहे.

संध्याकाळी तळघरातून आलो की मी साबणानं हात धुवायचो आणि आईच्या डोळ्यात थेंब टाकायचो. थेंब पडला की डोळा मिटून ती जरा वेळ पडून राहायची आणि मग माझा हात धरून उजेडाकडं वळवायची. बोटं एकेक करून बघायची.

"दम लागतो का रे तुला?" तिनं एकदा विचारलं.

"नाही, माय."

"रातच्याला छातीत दुखतं का?"

"काही नाही होत."

"लपवू नको बरं."

आजारी माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायची हौस असते, असं मनात म्हणून मी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिचा डोळा लाल दिसला. पांढऱ्या भागात तांबड्या रेघा उतरल्या होत्या आणि कडा सुजल्या होत्या.

"वाळू गेल्यावानी खुपतंय," ती म्हणाली.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर अंबडला शिबिराला गेले होते. त्या शिबिराचा फलक मी चौकात पाहिला होता. त्यावर डॉक्टरांचा फोटो टिकलीएवढा आणि उद्घाटकांचा मात्र मोतीबिंदू पिकलेल्यालाही दिसेल एवढा होता. फोनवरची नर्स म्हणाली, "उद्या सकाळी पहिल्यांदा घेऊन या. औषध चालू ठेवा. थेंब टाकताना हात स्वच्छ असतात ना?"

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवून डावा हात बघितला. पहिल्या बोटाच्या नखाभोवती राखाडी रेघ होती. खिडकीशी नेल्यावर ती निळसर दिसली. याच बोटानं मी रोज पापणी ओढत होतो.

काठीच्या टोकाला घासतात त्या निळ्या वडीला सगळे चॉक म्हणतात. माझं आयुष्य फळ्यावरच्या खडूत गेलं, त्यामुळं हा शब्द मला घरातला वाटायचा. खडू पोटात गेला तरी काही होत नाही, हे विद्यार्थ्यांनी मला अनेकदा सिद्ध करून दाखवलं होतं. पण त्या दिवशी मी मोबाइलवर वाचत बसलो आणि कळलं की या चॉकमध्ये आता खडू नसतोच. बारीक दळलेली गारगोटी असते आणि पॉलिश पेपरवर असते तसली कठीण भुकटी. काठीचं टोक चेंडूवरून घसरू नये म्हणून ती खरखर लागते. वर निळा रंग आणि धरून ठेवायला चिकटा. सरळ भाषेत सांगायचं तर वाळू.

आईनं तोच शब्द वापरला होता.

इतिहासाच्या माणसाला एका साधनावर विसंबता येत नाही. शिवाय मनात कुठंतरी आशा होती की माझ्या हाताला लागतं ते दुसरंच काहीतरी, निरुपद्रवी असेल. दुपारी मी साबण आणि पांढरा रुमाल घेऊन तळघरात गेलो. मित्र आधीच आला होता.

"शेठ, आज काठीला चॉक लावू नका," मी म्हणालो.

"मंग काय कुंकू लावू?"

"मला बघायचंय, हात कशानं मळतात."

"खेळल्यानं मळत्यात. त्यात काय बघायचं?"

मी हात घासून धुतले. आधी फक्त चॉकची वडी उजव्या हातात धरून काठीच्या टोकाला घासली. चिमटीला थोडा निळा रंग लागला, बोटं झटकल्यावर बराचसा गेला. मग डावा हात, ज्यानं चॉकला स्पर्शही केला नव्हता, तो नुसता टेबलाच्या कापडावर टेकवला आणि उचलला. तळव्याच्या कडेला आणि बोटांच्या पेरांना निळीराखाडी साय आली होती. रुमाल कापडावरून एकदा फिरवला तर तोही तसाच झाला.

मित्रानं वाकून खिशाच्या कडेला सुटलेलं कापडाचं टोक दोन बोटांत चोळलं. माल जोखायची त्याची सवय सुटत नाही. "सर, ह्याला कधी ब्रश मारलाय का? दुकानात पायपुसणं म्हणून बी ठेवणार न्हाई मी असं कापड."

ब्रश मारलेला मला आठवत होता. स्पर्धेच्या उद्घाटनाला एक पुढारी येणार होते, तेव्हा. त्यांनी गळ्यातल्या हारासकट वाकून काठी मारली, जो कधीच खिशात जाऊ द्यायचा नसतो तो पांढरा चेंडूच सरळ खिशात गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर टेबलाचं कौतुक संपलं. प्रत्येक फटक्याला काठीच्या टोकावरून चॉक उडतो आणि कापडावर बसतो, आणि तिथं आपण डावा हात टेकवतो. शेजारी पावडरचा डबा असतोच. काठी बोटांतून सुळकन जावी म्हणून आपण हाताला पावडर चोळतो. ती घामात कालवली जाते, त्यात कापडावरचा चॉक मिसळतो आणि त्याचं लुकण होऊन नखांच्या कडेला भरतं. हात सुळसुळीत राहावा म्हणून जे लावत होतो, तेच मळ धरून ठेवत होतं. साबणानं वरचं काळं निघून जायचं आणि तळाचं निळं राहायचं.

"म्हंजे आपल्या एकट्याच्या चॉकनं न्हाई," मित्र म्हणाला, "सगळ्या गावाच्या चॉकनं आपला हात मळतो. झालं समाधान? मंग तोंड काहून पाडून राह्यले?"

मी त्याला आईच्या डोळ्याचं सांगितलं. त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"डॉक्टरला बराबर खरं सांगा, सर," तो म्हणाला. "वाचनालय सांगू नका. पुस्तकाच्या धुळीची दवा येगळी असंल."

त्या संध्याकाळी मी बायकोला थेंब टाकायला सांगितलं. माझं बोट दुखतंय म्हणालो. आई पलंगावर उठून बसली.

"कोन्तं बोट? नखाला काही झालं का?"

"काही नाही. जरा लचकलंय."

"बघू हिकडं."

मी हात मागं घेतला. बायकोचा थेंब पुन्हा गालावर पडला, पण या वेळी आई तिला काहीच बोलली नाही. तिचं लक्ष माझ्या हाताकडं होतं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी आईची हनुवटी यंत्रावर टेकवली. "थेंब कोण टाकतं?"

"मी," मी म्हणालो. आई तिथंच होती. ती बाहेर जाईपर्यंत थांबता येण्यासारखं नव्हतं. "डॉक्टर, मी रोज पूल खेळतो. हाताला चॉक लागलेला असतो, धुतला तरी नखाशी राहतो. तो डोळ्यात गेला असेल. त्यात वाळूसारखी भुकटी असते."

आईची मान यंत्रात असल्यामुळं तिचा चेहरा दिसत नव्हता, ही त्यातल्या त्यात सवलत. डॉक्टरांनी उजेडाची फट इकडून तिकडं फिरवली, पापणी उलटून पाहिली. बराच वेळ बघितलं.

"कण एकही नाही," ते म्हणाले. "जखमही चांगली आहे, जंतुसंसर्गही दिसत नाही. नखं कापत जा आणि थेंबाच्या आधी नीट हात धुवा, ते वेगळं. पण हा डोळा चोळलेला आहे. आजी, चोळता का डोळा?"

"न्हाई," आई म्हणाली.

"रडता का?"

"म्या कशाला रडू?"

डॉक्टरांनी एक नवीन औषध लिहून दिलं. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन मी रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीसही केली नाही. रिक्षा जुन्या जालन्यातल्या गल्लीत धान्याच्या हातगाड्यांमागं अडकली, तेव्हा आई बोलली.

"पूल म्हंजे काठीनं गोट्या मारत्यात त्ये?"

"हो."

"वाचनालय बंद हाय, मला म्हाईत होतं. शेजारीण सांगून गेल्ती."

मी डावी मूठ मिटून घेतली.

"पट्टी निघाल्यावर तू पहिला थेंब टाकला ना, तवाच बोट दिसलं मला. नख निळं. मंग रोज बघत गेले. रोज निळं." तिनं काळा चष्मा नीट केला. "तुझ्या बापाची नखं अशीच निळी पडल्ती. शेवटाला. त्यो बी सांगायचा बाजारला जाऊन आलो, आन् जायचा दवाखान्यात. मला वाटलं, ह्यो बी तसंच करून राह्यला. माझं आपरेशन झालंय म्हणून सांगंना."

"मग मला विचारायचं ना, माय."

"इचारलं न्हाई का? दम लागतो का, छातीत दुखतं का. रोज इचारलं. तू हात वढून घेयाचा." हातगाडी बाजूला झाली आणि रिक्षा हलली. "डाक्टर पट्टी काढतानाच रडू नका म्हणल्ता. मंग त्याला काय सांगू, रोज रडले म्हणून?"

म्हणजे चॉक तिच्या डोळ्यात गेलाच होता. यंत्रात दिसण्यासारखा गेला नव्हता, एवढंच.

ती रागावेल म्हणून मी वाट बघितली. थापा मारणाऱ्या पोरांना मी स्वतः जे सुनवायचो, त्यातलं काहीही चाललं असतं. पण ती रागावली नाही. मागं टेकून बसली, आणि बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. ते बघणं रागावण्यापेक्षा अवघड होतं.

"जिततो का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"कधीकधी."

"ह्या वयात," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

संध्याकाळी मी कुठं गेलो नाही. नखं कापली, ब्रशनं हात घासले आणि बाटली घेऊन तिच्याजवळ बसलो. तिनं आधी माझं डावं बोट धरलं. पदराचं टोक तांब्यात बुडवून नखाची कड घासली आणि ते टोक उजेडात धरून ऑपरेशनच्या डोळ्यानं बघितलं. एवढं धुऊनही पदरावर फिकट निळा डाग आला होता.

"निघतंय," ती म्हणाली. अजून एकदा घासलं, पुन्हा बघितलं. "रंगच हाय."

मग उशीवर डोकं टेकवून तिनं डोळा उघडला. मी पापणी ओढली आणि बाटली दाबली. माझा थेंब पहिल्यांदाच गालावर पडला.

"राहू दे," आई म्हणाली. "दुसरा टाक."