आबांच्या विहिरीचं पाणी

मी नेऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मिश्रणं वेगळी करण्याचा धडा मुलांना फार आवडतो. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र कालवून त्यांच्यापुढे ठेवायचा. कीस चुंबकाला चिकटून निघतो. उरलेल्यात पाणी ओतलं की मीठ विरघळतं आणि वाळू गाळणकागदावर राहते. खाली उतरलेलं पाणी आटवलं की वाटीच्या बुडाशी मीठ परत दिसू लागतं. ते बघून मुलं टाळ्या वाजवतात.

हे सगळं येत असूनही माझ्या वडिलांची विहीर मला वाचवता आली नाही.

ती विहीर आबांनी आणि चुलत्यांनी स्वतः खणली होती, माझ्या जन्माच्या आधी. आमच्या शिवारातून मेंढरं घेऊन जाणारी माणसंही तिचंच पाणी पाजायची. पुढे कंपन्या आल्या, पार जांबे गावापर्यंत भाड्याच्या खोल्याच खोल्या उठल्या. आम्हीही वावराच्या कडेला भाड्याने द्यायला चाळ बांधली. सगळ्यांनी बांधली. गटार आलंच नाही, म्हणून प्रत्येकाने मागे सांडपाणी मुरवायला शोषखड्डा खणला.

आधी आईच्या लक्षात आलं. डाळ शिजेना, चहाला काहीतरी निराळीच चव येऊ लागली. मग एक दिवस दरवर्षी येणारी धनगरीण दारात येऊन उभी राहिली.

"आबा, मेंढरं तोंड लावंनात पान्याला."

"दमली असतील," आबा म्हणाले.

"दमलेलं जनावर पानी सोडतंय व्हय?" एवढं बोलून ती कळप घेऊन कासारसाई धरणाच्या वाटेला लागली.

आबांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुरटीचे मोठे खडे आणले, दोरीला बांधून विहिरीत फिरवत बसले. सकाळी मला हाताला धरून काठावर नेलं.

"बघ, तळ दिसतुया."

तळ खरंच दिसत होता. पायरीखालची कपार दिसत होती, बुडालेली कळशी दिसत होती.

"आबा, गढूळ होतं ते खाली बसलं," मी म्हटलं. "इरघळलेलं हाय ते तसंच हाय. ते तुरटीनं न्हाई बसत."

"दिसत न्हाई ते कसं असंल?"

मी घरातून मीठ आणून पेल्यात विरघळवलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि त्यांना चाखायला दिलं. चाखून त्यांनी उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. पण हरले नाहीत. ब्लीचिंग पावडर टाकून झाली. शेवटी मोटर लावून त्यांनी विहीर पार उपसली, माणसं लावून गाळ काढला. तळ कोरडा झाल्यावर झरे बघायला स्वतः शिडीने उतरले. मी वरून बघत होते. चाळीच्या बाजूच्या झऱ्यापाशी ते बराच वेळ वाकून उभे राहिले. त्या झऱ्यातून पाण्याबरोबर साबणाचा फेस येत होता.

वर आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत. तसेच ओट्यावर बसले.

"तुमच्या शाळंत यंत्र असंल काईतरी," म्हणाले. "तू शिकिवतीस न्हवं? मग काढून दाव."

रविवारी मी मुख्याध्यापकांना विचारून काचेचा चंबू, नळी आणि बर्नर घरी आणला. विहिरीत पुन्हा साठलेलं पाणी उकळायला ठेवलं. वाफ नळीतून जाऊन थंड होत होती आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब पेल्यात पडत होती. आबा पाट घेऊन समोर बसले. आईने दोनदा जेवायला बोलावलं, ते हलले नाहीत. पेला भरेपर्यंत ऊन ओसरीवरून उतरलं. चंबूच्या काचेवर पिवळट तपकिरी कडं धरलं होतं.

"हे निघालं बग त्यातनं," ते कड्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. मी पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ह्याला चवच न्हाई गं."

मी सांगितलं, की आपल्या पाण्याची जी गोडी होती तीही दगडातून, मातीतून विरघळून आलेली होती. उकळताना ती पण मागे राहते.

"म्हंजी चांगलं बी त्यातच आन् वंगाळ बी त्यातच."

"व्हय."

"वंगाळ तेवढं न्हाई काढता यायचं?"

"घरात पिण्यापुरतं मशीन बसवू, आबा."

"आन् हिरीला?"

मी चंबू उतरवून ठेवला. घाण झऱ्यालाच लागली होती, आणि तो झरा आता साऱ्या वस्तीच्या खालून येत होता. आमच्या चाळीचा खड्डाही त्यात होता. ते त्यांना विहिरीत उतरले तेव्हाच कळलं असावं.

त्यानंतर त्यांनी विहिरीत काही टाकलं नाही. पुढे पंचायतीच्या माणसाने कठड्यावर लाल रंगाने 'पिण्यास अयोग्य' लिहिलं, आणि भाडेकरूंच्या लेकरांची भीती म्हणून आम्ही वर स्लॅब टाकायचं ठरवलं. काँक्रीट ओतायच्या दिवशी आबा गवंड्याला म्हणाले, "एक भोक ठेव. वारं लागंल."

"भोक कशाला? घाण पडंल आत," गवंडी म्हणाला.

आबा हसल्यासारखं काहीतरी करून घरात गेले. गवंड्याने भोक ठेवलं नाही.

आता त्या स्लॅबवर भाडेकरणी गोधड्या वाळत घालतात. आबा अंगणातल्या बाजेवर तिकडे पाठ करून बसतात. मशीनचं पाणी पुढे ठेवलं की निमूट पितात. बरं आहे का, असं मी सुरुवातीला विचारायचे. "पानी हाय," एवढंच म्हणायचे. हल्ली मी विचारत नाही.