पास्तोरने खाल्लेलं आईचं ताट

पास्तोर मेलेसिओला आपल्या गावाची लाज वाटे. काबारुआन हे इलोकोसच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. तो तिथेच जन्मला, तिथेच उघडानागडा वाढला, आणि मनिलाला अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकून, पास्तोर म्हणजे पाद्री होऊन, बूट घालून परत आला. त्यानंतर गावातल्या कशातच त्याला राम दिसेना.

सगळ्यात जास्त तिटकारा त्याला अतांगचा. अतांग म्हणजे मेलेल्यांच्या नावाने वाढलेलं ताट: चिकट भात, उकडलेलं अंडं, केळीच्या पानात भाजलेली नारळाची तुपिग, विडा, चिरूट, उसाच्या दारूची वाटी. एक नोव्हेंबरला ते थडग्यावर ठेवायचं, आणि एरवी कुणाचं पोट दुखलं की खिडकीत.

"भूक लागते म्हणे मेलेल्यांना!" तो व्यासपीठावरून म्हणे. "मग परसाकडेही लागत असेल. त्याची काय सोय केलीत?"

त्याच्या चर्चची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती पोट धरून हसत, आणि नोव्हेंबर उजाडला की टोपलीवर फडकं टाकून गुपचूप दफनभूमीची वाट धरत. मेलेसिओ त्यांना गुरं म्हणे. तेही तोंडावर.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्याची आई सिमेओना गेली. नवव्या दिवसापर्यंतच्या प्रार्थना नाहीत, बायकांचा आक्रोश नाही, अशी कोरडी त्याने तिला पुरली. आता सगळं गाव नोव्हेंबरची वाट बघत होतं, आणि मेलेसिओही. पास्तोरच्या सख्ख्या आईला ताट मिळालं नाही आणि तरी आकाश कोसळलं नाही, एवढं लोकांनी एकदा बघितलं की हे खूळ मोडलं, असा त्याचा हिशेब. त्याने प्रवचनात जाहीरच केलं, "माझ्या आईच्या थडग्यावर कुणी ताट वाढलं आणि ते तिथे राहिलं, तर मी हे व्यासपीठ सोडीन."

थोरली बहीण, त्याची मनांग, युफेमिया हिच्या कानावर हे गेलं. एक नोव्हेंबरला ती भरलं ताट घेऊन आली, आणि तिच्यामागे अर्धं गाव. मेलेसिओ थडग्यापाशी राखणीला उभाच होता. त्याच्या बुटांशेजारीच तिने ताट ठेवलं.

"मनांग, उचल ते."

"नाही उचलत जा. नानांगला, जन्म दिलेल्या आईला, इतके महिने उपाशी ठेवलंस, तेवढं पुरे झालं."

"आई स्वर्गात आहे."

"तिथे तुपिग मिळते?"

"पाव मिळत असेल," इस्को म्हातारा मागून म्हणाला. "अमेरिकन."

सगळे हसले. मेलेसिओची कानशिलं तापली. एवढ्या अडाण्यांसमोर त्याला ताट लाथाडायचं नव्हतं. त्यांना शिकवायचं होतं. तो थडग्याच्या काठावर बसला आणि ताट मांडीवर घेतलं.

"बघा, गाढवांनो. हा भात आहे. भुतांचा याच्याशी काही संबंध नाही. ज्याला दात आहेत त्याचा हा."

त्याने अंडं तोंडात कोंबलं, वर भाताचा घास. मेलेल्याने खाण्याआधी जिवंत माणूस त्या ताटाला हात लावत नाही. आता बायका किंचाळतील, पळतील, असं त्याला वाटलं. पण बायका खाली बसल्या. इस्कोने टोपी काढली.

"काय झालं?" मेलेसिओने भरल्या तोंडाने विचारलं.

युफेमिया पुढे सरकली. तिने एक तुपिग सोलून त्याच्या हातात दिली, आणि भावाशी आजवर कधी बोलली नव्हती इतक्या हळू आवाजात म्हणाली, "नानांग, सावकाश. ठसका लागेल."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मी मेलेसिओ आहे, मूर्खांनो!"

"हो, हो," इस्को अदबीने म्हणाला. "आधी जेवून घ्या."

"तुपिग कशी झालीय, नानांग?" युफेमियाने विचारलं.

त्याने ती तिथेच भिरकावायला हवी होती. पण घास तोंडात गेला होता, आणि वाईट गोष्टीला वाईट म्हटल्याशिवाय राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"भिकार," तो म्हणाला. "गूळ काय महाग झालाय? नुसतं पीठ."

गर्दीतून एक लांब उसासा निघाला.

"तीच!" एक म्हातारी म्हणाली. "लेकीच्या हातचं एकदा तरी चांगलं म्हणाली होती का?"

युफेमिया रडता रडता हसली. "पुढच्या वर्षी जास्त घालीन हं, नानांग."

मेलेसिओ उठला आणि उरलेलं ताट थडग्यावरच टाकून तरातरा निघून गेला. बायकांनी त्याला वाट करून दिली.

ताट थडग्यावर राहिलं होतं, म्हणून रविवारी तो शब्दाप्रमाणे व्यासपीठ सोडायच्या तयारीने आला. चर्च खिडक्यांपर्यंत भरलं होतं. ही गर्दी कुणाला भेटायला आली आहे हे त्याला कळत होतं. संताप असा उसळला की राजीनाम्याचं तो विसरलाच. त्याने त्यांना गुरं म्हटलं, पोटाचे गुलाम म्हटलं, अंधारातले किडे म्हटलं. प्रत्येक शिवीला बायका एकमेकींना कोपर मारून माना डोलावत होत्या.

पुढच्या रविवारीही चर्च भरलं, आणि त्याच्या पुढच्याही. मनिलाहून आलेल्या अमेरिकन साहेबाने त्याची पाठ थोपटली, साऱ्या किनाऱ्यावर असं चर्च नाही म्हणाला, आणि हे कसं साधलं ते विचारलं.

"देवाची कृपा," मेलेसिओ म्हणाला, आणि पुढच्या दारात सिमेओनासाठी खोळंबलेल्या बायका टाळून साहेबाला मागच्या दाराने जेवायला घेऊन गेला.